पवळ्या परत आला

१

वकारच्या चाळिसाव्याच्या तोंडावर मोताळ्यातल्या अब्दुल गनीच्या फोटो स्टुडिओतून जी गोष्ट नाहीशी झाली, तिला वजन नव्हतं, वास नव्हता आणि बाजारात तिला कुणी विचारलंही नसतं. कुलूप शाबूत, कपाट शाबूत, कॅमेरे जागच्या जागी. एका मेलेल्या माणसाचं बोलणं तेवढं गेलं होतं.

गनीभाई ते सांगायला पोलीस ठाण्यात गेले नाहीत. ते सत्यभामाबाईंच्या ओसरीवर आले. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून जन्म घालवलेल्या या बाई निवृत्त झाल्या, तरी गावाच्या लेखी सिस्टरबाईच राहिल्या. कुणाचं पोट कशानं दुखतं हे त्यांना हात न लावता कळतं, अशी त्यांची ख्याती. पोटात दडवलेलं खोटं तर त्याहून लवकर कळतं, असं ज्यांच्या पोटात ते असे ते म्हणत.

त्या वर्षी तालुक्यात कुणाचाच चेहरा धड नव्हता. अळी लागणार नाही म्हणून बीटीचं बियाणं पेरलं, आणि बोंड फोडलं की आत गुलाबी अळी जावयासारखी आरामात बसलेली. झाडं मात्र माणसाच्या डोक्यावर गेली. मग फवारणी, पुन्हा फवारणी, अजून कडक फवारणी. अळीला काही झालं नाही, माणसंच दवाखान्यात जाऊ लागली. वकार त्यातलाच एक. जानराव पाटलाच्या शेतात रोजानं फवारायला गेला आणि पाठीवर पंप असतानाच कोसळला.

"बसा, गनीभाई. अगोदर पाणी प्या, मग रडा," सत्यभामाबाई म्हणाल्या.

गनीभाई पाणी प्यायले. रडले नाहीत, पण आवाज फुटका होता. "बुलढाण्याच्या दवाखान्यात त्याले भेटायले गेलो होतो. मले म्हणे, चाचा, कॅमेरा लावून द्या अन् बाहेर जा. अलीजासाठी काही बोलून ठेवतो. मी स्टुलावर कॅमेरा लावला, बाहेर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. मी थे बोलणं दसऱ्याच्या अगोदरच कॉम्प्युटरमध्ये टाकलं, पण पाह्यलं नाही. बाप लेकीसाठी बोलला, अमानत आहे थे. लग्नाची कामं दुसऱ्या डिस्कवर राह्यतात. त्याच्यात हे मिसळू नाही वाटलं, म्हून वेगळं ठेवलं."

"कॅमेऱ्यातलं काय झालं?"

"लग्नाची ऑर्डर होती, कार्ड कोरं केलं. मले काय माहीत, बाई!"

आता त्या बोलण्याला किंमत का आली, हे सत्यभामाबाईंना सांगावं लागलं नाही. वकार फवारणीनं मेला नाही, औषध प्याला, असं गावभर झालं होतं. जनाज्याच्या मागं चालणारेही हळू आवाजात तेच बोलले. त्यांच्यात आपल्या हातानं जीव देणं म्हणजे केवढा गुन्हा! वकारची बायको सलीमा इद्दतीत होती, तिला घराबाहेर पडता येत नव्हतं. आणि लहानगी अलीजा शाळेतून विचारत आली होती की अब्बूंनी जहर का घेतलं?

"सलीमाले मी जबान देली होती," गनीभाई म्हणाले, "का चाळिसाव्याले लावून दाखवतो. अन् परवा कॉम्प्युटर बंदच पडला. कुलदीपनं दसऱ्याची इमेज टाकून चालू केला. सगळं आलं, हेच आलं नाही. फैजान म्हणते, चाचा, तुम्ही टाकलंच नसन. शुगरनं डोकं ठिकाणावर नाही राह्यलं माहं. टाकलं का नाही, मलेच आता पक्कं सांगता येत नाही."

मग मात्र ते रडले. सत्यभामाबाईंनी चपला पायात सरकवल्या.

२

स्टुडिओत तीन माणसं होती. पुढच्या टेबलावर डिंपल, ही गिऱ्हाइकं पाहायची. आत कॉम्प्युटरपुढं फैजान, वकारचा धाकटा भाऊ, चेहरा उतरलेला. आणि बोलावून घेतलेला कुलदीप, आसपासच्या गावांतले कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आणि जानराव पाटलाचा सख्खा भाचा. हे नातं सत्यभामाबाईंनी मनात वेगळं काढून ठेवलं. पाटलानं फवारणाऱ्याला ना मास्क दिला ना हातमोजे. वकार स्वतः प्याला असं ठरलं, तर सगळ्यात जास्त सुटका पाटलाचीच होती.

आत जाताना त्यांची नजर भिंतीतल्या कोनाड्यावर गेली. जुना रोलचा कॅमेरा, दांडा तुटलेली कात्री, तळहाताएवढी एक लोखंडी डबी, सगळ्यांवर दसऱ्याचं कुंकू आणि वाळलेला झेंडू.

"हे काय ठेवलं बाई?"

"दसऱ्याची अवजारांची पूजा," डिंपल म्हणाली. "मीच करतो दरवर्षी, पेढे चाचा आणतात. चाचा म्हणतात, ज्यानं भाकर देली त्याले भंगारात द्यायचं नाही."

सत्यभामाबाईंनी मान डोलावली आणि कुलदीपकडं वळल्या. "हे इमेज का काय म्हणता, थे मले समजावून सांग. अडाणी समजून सांग."

"फायली कॉपी करणं म्हणजे घरातलं सामान उचलून नेणं," कुलदीप म्हणाला. "इमेज म्हणजे अख्खं घरच उचलायचं, भिंतीतल्या खिळ्यासकट. ज्या दिवशी काढली त्या दिवशी जसं होतं तसं. कॉम्प्युटर मेला का थेच घर पुन्हा उभं करायचं. चाचांच्या इथं मी दरवर्षी दसऱ्याले काढतो. यंदा जुनी हार्ड डिस्क कुरकुर करून राह्यली होती, म्हून जुनीची इमेज काढली अन् नव्या डिस्कवर उतरवली. कॉम्प्युटरले पत्ताही नाही लागला का आपलं काळीज बदललं."

"जुनं काळीज कुठी गेलं?"

"भंगारात. डिंपलले सांगतलं होतं देऊन टाक म्हून."

डिंपल घाईघाईनं गिऱ्हाइकाची पावती फाडत राहिली.

"अन् परवा?"

"परवा चालूच होईना. कपाटातून बॅकअपची डिस्क काढली. त्याच्यात मागच्या वर्षीची अन् यंदाची अशा दोन इमेज पाह्यजे होत्या. एकच दिसली, नाव यंदाच्या दसऱ्याचं. म्हटलं, जागेसाठी जुनी पुसली असन कोणी. थीच लावली. मले मलकापूरले जायचं होतं, पडद्यावर पट्टी भरत होती तशी सोडून गेलो. मंग फैजान बसला होता."

"कपाटाची किल्ली कोणाजवळ राह्यते?"

"खिळ्याले," तिघंही एकदम म्हणाले.

फैजान उठला. "माहा सख्खा भाऊ होता, सिस्टरबाई. मी काऊन पुसन त्याचं बोलणं? चाचा इसरले असतीन. त्याहिले काही म्हणू नका." डोळे पुसत तो चहा सांगायला बाहेर गेला. जाताना त्यानं कामाची खिडकी बंद केली आणि पडद्यावर मागचं चित्र उघडं पडलं. झुली घातलेले, शिंगं रंगवलेले दोन बैल.

तेवढ्यात कडूबा आला. म्हातारा पासपोर्ट फोटो काढायला आला होता, टोपी सारखी करत आत शिरला आणि पडद्यासमोर जागच्या जागी थिजला.

"अय माय! पवळ्या!"

तो खुर्चीत बसला आणि लहान लेकरासारखा हमसून रडू लागला. गनीभाईंची रीत सगळ्यांना ठाऊक होती. दर पोळ्याला मानाच्या जोडीचा फोटो काढायचा आणि पुढच्या पोळ्यापर्यंत तीच जोडी पडद्यावर. कडूबाचा पवळ्या गेल्या उन्हाळ्यात पान लागून, म्हणजे साप चावून मेला. सगळे मान खाली घालून उभे राहिले.

डिंपलनं मात्र पडद्याकडं पाहिलं आणि तिचं तोंड उघडं राहिलं. "पण सिस्टरबाई, हे तर..."

सत्यभामाबाईंनी तिचा हात घट्ट दाबला. "फैजानसमोर नाही, कुलदीपसमोर नाही. कोणासमोरच नाही," त्या तिच्या कानात म्हणाल्या.

३

सलीमा पडद्याआडून बोलली. पलीकडं अलीजाचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"जो दवा पेते त्याच्या तोंडाले वास येते, सिस्टरबाई. तुम्हाले तर माहीत आहे. त्याच्या तोंडाले नव्हता. शर्टाले होता, केसाले होता. हे मी सांगतलं तं लोक म्हणतात, बायको आहे, थे असंच म्हणन. मले कोणाकडून काही नको. माह्या पोरीले एकदा त्याच्या तोंडून ऐकू द्या का अब्बू तुले सोडून गेला नाही."

सत्यभामाबाईंना गलबलून आलं. याच पोरीची नाळ त्यांनी कापली होती, आणि बाहेर वकार हातात बत्ताशांचा पुडा घेऊन येरझारा घालत होता. बीटी आलं, फवारे आले, कुणाकुणाचं काय काय गेलं. पण बाप कसा मेला हेसुद्धा लेकराला खरं कळू नये? त्यांना राग आला, आणि राग आला की त्यांचं डोकं चांगलं चाले.

"दवाखान्यात पहिल्यांदा 'पेला' कोण म्हटलं?"

"माहीत नाही. पाटलाच्या गाडीत घालून नेलं. पाटील होता, फैजान होता. फैजान त्या दिवशी सुट्टी काढून भावाच्या मदतीले गेला होता."

तिथून त्या पाटलाकडं गेल्या. जानराव ओट्यावर किडकी बोंडं पायानं बाजूला सारत होता. "मी गाडी लावून राह्यलो होतो," तो म्हणाला. "आत गेलो तं डॉक्टर म्हणे, पेला. मी म्हटलं, असन बाप्पा. मले काय, बरंच झालं." निदान एवढं तरी तो खरं बोलला.

शेवटी त्या आपल्या जुन्या वॉर्डात गेल्या. पाटलाची गाडी वकारला पहिल्यांदा इथंच घेऊन आली होती. त्या दिवशी ड्युटीवर चांगुणा होती, सत्यभामाबाईंच्याच हाताखाली तयार झालेली.

"चेहरा ध्यानात नाही, मॅडम. रोज दोन-तीन पेशंट असेच येऊन राह्यले होते," चांगुणा म्हणाली. "पण जो म्हटला का पेला, थो लय रडत होता. इतका, का मले त्याले बाजूले घ्या लागलं."

सत्यभामाबाई परत निघाल्या तेव्हा दिवस कलला होता. कुणी केलं हे त्यांना कळलं होतं. ते कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

४

चाळिसाव्याच्या सकाळी त्यांनी सगळ्यांना स्टुडिओत जमवलं. कडूबालाही बोलावलं.

"एकच प्रश्न," त्या म्हणाल्या. "फैजान, पडद्यावर बैल कोणाचे आहेत?"

फैजाननं पाहिलं. "जानराव पाटलाचे. यंदा पोळ्याले त्याहिचाच मान होता ना."

"काय बोलतं बे!" कडूबा उसळला. "थो पवळ्या आहे माहा. डावं शिंग आत वळेल, कान चिरेल. आंधळ्याले दिसन!"

सत्यभामाबाई सावकाश बोलू लागल्या.

"पोळा झाला, मंग दसरा आला. पोळ्याले डिंपलनं आपल्या हातानं पडद्यावर पाटलाचे बैल लावले. म्हणजे यंदाच्या दसऱ्याची इमेज टाकली असती तं पाटलाचे बैल आले असते. आला पवळ्या, मेलेला. म्हणजे टाकली थे मागच्या वर्षीची. कोणी तरी यंदाची पुसली, मागच्या वर्षीचीले यंदाचं नाव देलं, अन् मंग कॉम्प्युटर बंद पाडला, म्हणजे वाटावं का वकारचं बोलणं कधी टाकलंच नव्हतं. बिचारा कुलदीप नाव वाचून फसला."

"मी?" कुलदीप पांढरा पडला होता.

"तू नाही. मामाचे बैल पोळ्याले तूच धुतले होते. लबाडी तुही असती तं तू पहिले पडद्यावरचा पवळ्या काढला असता. डिंपल नाही, तिनं बैल स्वतः लावले. गनीभाईनं दोन्ही जोड्यांचे फोटो काढले. शुगरनं नजर अधू झाली म्हून काल दिसलं नाही, पण असं काही करणारा माणूस पडद्याले डोळे लावून तरी पाह्यतेच. बैल बदलेल दिसूनही ज्याले कळलं नाही, असा इथं एकच आहे. ज्याच्या घरी कधी बैल नव्हता, ज्याले बैल म्हणजे नुसता बैल."

फैजान भिंतीकडं सरकला.

"अन् दवाखान्यात 'पेला' म्हणणारा रडत होता," सत्यभामाबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज खाली आला होता. "जानराव पाटील कोणासाठी रडला, असं गावात कोणी पाह्यलं नाही. काऊन रे केलं असं, पोरा?"

तो भिंतीला टेकून खाली बसला. "दोन दवा मी मिसळल्या होत्या. ह्या हातानं. पंप भरून त्याच्या पाठीवर मीच देला. डॉक्टरनं इचारलं, कोणतं औषध, कोणी बनवलं? अन् माह्या तोंडून निंघून गेलं, पेला म्हून. मंग मागं फिरताच नाही आलं. चाचा म्हणे, चाळिसाव्याले दाखवतो. मी लावून पाह्यलं. 'फैजाननं दवा मिसळली,' इथपर्यंत ऐकलं अन् बंद केलं. पुढचं ऐकायची छाती नव्हती. भाभी काय म्हणन? अलीजा काय म्हणन?"

गनीभाईंनी कपाळावर हात मारला. "माहं डोकं गेलं असं तू मले सांगत होता, बेटा. मी रात्रंदिवस..."

"आता मारा मले. थे तं गेलंच, कुठीच नाही थे आता."

"आहे," सत्यभामाबाई म्हणाल्या आणि डिंपलकडं वळल्या. "डिंपल, त्या कोनाड्यातली लोखंडी डबी काय आहे?"

डिंपल कावरीबावरी झाली. "जुनी हार्ड डिस्क. कुलदीपदादा भंगारात दे म्हटला, पण पुजेल वस्तू कशी देऊ? दादा रागावन म्हून सांगतलं नाही."

कुलदीपनं दोन्ही हातांनी ती डिस्क उचलली. झेंडूची पाकळी खाली पडली. रोज उदबत्ती लावताना फैजानही त्याच कोनाड्यासमोर उभा राहत असे.

"एकदम उघडत नाही," कुलदीप म्हणाला. "जुनी आहे, दगा देईन. अगोदर हिचीच इमेज काढतो, मंग पाहू."

५

सलीमाच्या घरी चाळिसाव्याचं जेवण शिजत होतं. कुलदीपनं लॅपटॉप पडद्याच्या या बाजूला अशा कोनात ठेवला की फटीतून आत दिसावं. फैजान दाराशी, चपलांजवळ बसला. घरात त्यानं अगोदरच सगळं सांगून टाकलं होतं, आणि पलीकडून तेव्हापासून चकार शब्द आला नव्हता.

वकार दिसला. उशाला टेकलेला, डोळे खोल गेलेले, पण हसू तेच.

"अलीजा, बेटा. लोक म्हणतीन अब्बू दवा पेला. पेला नाही, बेटा. कपाशी माह्या डोक्यावर होती, वारा फिरला, सगळं तोंडावर आलं. तुले सोडून मी आपल्या मनानं कुठी जाईन काय? तू शाळेत जा. कोणी म्हटलं तं सांग, माह्या अब्बूनं मले सांगतलं." तो थांबला, धाप लागली होती. "आता दुसरं. फैजाननं दवा मिसळली."

दाराशी फैजाननं डोळे मिटले.

"थो नाही म्हणत होता. भाई, दोन दवा एकात टाकू नये, म्हणे. मीच त्याच्यावर ओरडलो. अळी मरून नाही राह्यली, पाटील बोलते, टाक म्हटलं मुकाट्यानं. थो लहानपणापासून माहं ऐकते, म्हून टाकली. सलीमा, थो आता मनाले लावून घेईन. कोपऱ्यात बसन, कोणाले बोलणार नाही, जेवणार नाही. मले माहीत आहे थो कसा आहे. त्याले म्हणा, तुह्यावर नाही रे. अन् त्याले जेवाले घाल."

चित्र थांबलं. अलीजा पडद्याच्या आतून म्हणाली, "अब्बूनं माहं नाव घेतलं." मग घरात एकाच माणसाचं रडणं ऐकू येत राहिलं, दाराशी बसलेल्या फैजानचं. सत्यभामाबाईंनी कित्येक मरणं पाहिली होती, पण त्याच्याकडं पाहवेना म्हणून त्या चुलीकडं पाहत बसल्या.

बऱ्याच वेळानं पलीकडून आवाज आला.

"फैजान, हे कॉपी करणं तुले येते ना?"

त्यानं मान हलवली. मग पडद्यातून दिसत नाही हे ध्यानात आल्यावर म्हणाला, "हाव, भाभी."

"मंग कर. एक नाही, चार-पाच कर. एक चाचाजवळ, एक सिस्टरबाईजवळ, एक मशिदीच्या सदरसाहेबाले. पुन्हा कोणाच्यानं पुसलं नाही गेलं पाह्यजे. अन् संध्याकाळी सदरसाहेबासमोर तूच उभा राहून सांगशीन, पेला म्हून कोण म्हटलं होतं थे."

"सांगतो. भाभी, मले माफी..."

"माफीचं मी आज बोलत नाही."

फैजान लॅपटॉपपुढं येऊन बसला. पट्टी हळूहळू भरू लागली. त्याचं काम कुठंच चुकत नव्हतं. तेवढ्यात पडद्याची खालची कड जरा वर झाली आणि एक भरलेलं ताट सरकत त्याच्या गुडघ्यापाशी आलं.

"जेव," सलीमा म्हणाली. "त्यानं सांगतलं म्हून."